अंध मैत्रिणीसाठी संक्रांतीचं कार्ड करतेय, काय लावू?

काठवाली_सोलापूर:
नमस्कार मंडळी. मी साखर पेठेत राहते, घरी टॉवेल-चादरींच्या कडा शिवते. माझी कॉलेजातली मैत्रीण जन्मापासून अंध आहे, आता पुण्यात बँकेत असते. संक्रांतीला गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, ती यायचीच. नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत माझा हात धरून चालायची. यंदा रजा नाही मिळाली तिला. शेंगाचटणी पाठवणारच आहे, सोबत हाताने केलेलं कार्डही पाठवायचंय. जाड कार्डशीटवर फेविकॉलच्या रेघेनं सिद्धेश्वराचं देऊळ, भोवती मणी आणि चमकी, आत ब्रेलमध्ये ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असं ठरवलंय. फेविकॉलचे थेंब टाकून ब्रेल जमेल का? माझं मन राखायला तिनं छान म्हणू नये, तिला ते खरंच आवडावं.

निवृत्त_बाई:
थेंबांनी ब्रेल नको. एका अक्षरातल्या दोन टिंबांत जेमतेम अडीच मिलिमीटर अंतर असतं. थेंब पसरला की दोन टिंबांचं एक होतं आणि अक्षर बदलतं. ब्रेल पाटी आणि स्टायलस (टिंबं टोचायची टोचणी) कुणाकडून तरी मागून आणा. कागद जाड, १५० जीएसएमच्या आसपासचा घ्या, झेरॉक्सचा कागद फाटतो. टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं आणि अक्षरही आरशातल्यासारखं उलटं काढायचं, म्हणजे कागद पालटल्यावर सरळ वाचता येतं. आणि मात्रा वेगळ्या नसतात, स्वर व्यंजनानंतर लिहायचा. ‘ति’ची वेलांटी आपण आधी काढतो, ब्रेलमध्ये आधी त, मग इ. ‘गोड’ म्हणजे ग, ओ, ड.

सहा_टिंबं:
मी स्वतः जन्मांध, सोलापूरचाच. ताई, देऊळ काढू नका. कळसाची रेघ बोटाखाली आली तर मला ती नुसती वाकडी रेघ लागते. सिद्धेश्वराच्या देवळात मी लहानपणापासून जातो, पण ते मला माहीत आहे ते अनवाणी पायांना लागणाऱ्या फरशीनं आणि तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्यानं. लांबून देऊळ कसं दिसतं ते मी कधी पाहिलेलंच नाही, तुमच्या मैत्रिणीनंही नाही.

गड्ड्यात तिच्या हातात काय असायचं ते आठवा. संमती कट्ट्यापाशी सिद्धेश्वराच्या लग्नसोहळ्यात अक्षता मुठीत घट्ट धरून आपण उभे असतो, घामानं त्या तळव्याला चिकटतात, मग एकदम सगळे टाकतात. त्याच अक्षता थोड्या पातळ मलमलीच्या पुरचुंडीत शिवून कार्डावर टाका. बोट लागताच तिला कळेल, खाली नाव लिहायची गरज नाही. शेजारी चादरीचा तुकडा लावा, दशांसकट, म्हणजे कडेच्या सुट्या दोऱ्यांसकट. दशा कापू नका हं, आम्ही चादर ओळखतो ती तिथूनच. एवढं पुरे. मणी, टिकल्या, सगळंच लावलं तर बोट कुठे थांबावं ते कळत नाही. चमकी तर नकोच, बोटांना चिकटते आणि मग डोळ्यांत जाते.

ब्रेलला वेगळं पान द्या. वरचा उजवा कोपरा तिरका कापा, म्हणजे कार्ड हातात आल्याबरोबर सुलटं धरता येईल.

काठवाली_सोलापूर:
अक्षता! ती माझ्याही वाटच्या घ्यायची आणि सगळ्या एकदम टाकायची. देऊळ रद्द. पण मग रंगांचं काय, साधा पांढरा कागद वापरू का? आणि पोस्टात टिंबं टिकतील ना?

सहा_टिंबं:
रंग अवश्य वापरा. बँकेतले लोक विचारतील, ती हौसेनं दाखवेल, आणि कुठला रंग कुठे आहे हे तिलाही ऐकायचं असतं. तेवढं फोनवर सांगा.

निवृत्त_बाई:
टिंबं दाबानं चपटी होतात. ब्रेलच्या पानाभोवती पुठ्ठ्याची जाड चौकट करा, वर-खाली पुठ्ठा ठेवा, म्हणजे भार चौकटीवर जाईल. गुंडाळी करू नका. चटणीचं पाकीट वेगळं पाठवा. तेल सुटलं तर कागद गेलाच.