कार्बन ग्लायडरची रेंज कशी तपासता? नागपुरात जागा सुचवा

घार_नागपूर:
नमस्कार मंडळी. दोन मीटरचा रिमोटवर उडणारा ग्लायडर जुळवून झालाय. मोटर नाही, हाय-स्टार्टने, म्हणजे ताणलेल्या रबरी दोरीने, सोडणार. बॉडी अख्खी कार्बन फायबरची आहे. सिग्नल घेणारा रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झचा आणि त्याचे दोन्ही अँटेना सध्या आतच आहेत. उडवण्याआधी रेंज, म्हणजे सिग्नल किती लांब पोचतो ते, नीट तपासायची आहे. पद्धत आणि जागा, दोन्ही सांगा.

सर्वोमास्तर:
भाऊ, आधी अँटेना बाहेर काढा, रेंजचं मग पाहू. कार्बन फायबरमधून वीज वाहते, म्हणून ते सिग्नल अडवतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२.५ सेंटिमीटरची. अँटेनाच्या टोकाची ३१ मिलिमीटर उघडी तार म्हणजे तिचा चौथा हिस्सा, आणि सिग्नल पकडते ती तेवढीच. ती टोकं बॉडीबाहेर, एकमेकांशी ९० अंशांत हवीत. तार कापू नका, मुरडू नका.

ट्रान्समीटर (हातातला रिमोट) रेंज-चेक मोडवर टाका, म्हणजे त्याची ताकद मुद्दाम कमी होते. अंतर मॅन्युअलमधलंच धरा, बऱ्याच सेटना तीसेक पावलं असतं. मित्राला ग्लायडर खांद्याच्या उंचीवर धरायला सांगा, जमिनीवर ठेवू नका. तुम्ही स्टिक हलवत राहा, त्याने विमान फिरवत राहायचं: नाक तुमच्याकडे, शेपूट, पंखाचं टोक, पोट. नुसतं नाक समोर ठेवून तपासणी पास झाली तर तिला मी तपासणी म्हणत नाही. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, वर गेल्यावर आपल्याला बहुतेक वेळ पोटच दिसतं, तेव्हा पोटाच्या बाजूला जास्त वेळ द्या.

घार_नागपूर:
पोट माझ्याकडे असताना सर्वो (पंख-शेपटीचे भाग हलवणारी छोटी मोटर) अडखळला तर? आणि ट्रान्समीटरचा अँटेना सरळ उभा ठेवू ना?

सर्वोमास्तर:
अडखळला तर रिसीव्हरच्या अँटेनाचं एक टोक पोटाखालून काढा आणि पुन्हा सगळ्या बाजूंनी तपासा. ट्रान्समीटरचा अँटेना उभा नको. त्याच्या टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात क्षीण असतो. ग्लायडर डोक्यावर असताना उभा अँटेना नेमका ते टोकच त्याच्याकडे करतो. आडवा दुमडा, त्याची बाजू विमानाकडे राहू द्या.

फेलसेफही, म्हणजे सिग्नल तुटल्यावर विमान आपोआप काय करतं ते, त्याच दिवशी बघा. विमान हातात धरून ट्रान्समीटर बंद करा. पंखांवरचे हवेचे ब्रेक उघडून हलकं वळण लागलं पाहिजे, नाहीतर सिग्नल तुटलेला ग्लायडर वाऱ्यासोबत किती दूर जाईल सांगता येत नाही.

थर्मलवेडी:
जागेचं मी सांगते. सोनेगावला विमानतळ आहे, म्हणून आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवरचा नकाशा उघडा आणि हिरव्या भागातलंच मैदान निवडा. हिरव्या भागातही ४०० फुटांची मर्यादा आहे. उमरेड किंवा काटोल रोडने शहराबाहेर पडलं की सोयाबीन निघाल्यावर मोकळी शेतं मिळतात, मालकाला विचारून घ्या. हाय टेन्शन लाइनी आणि मोबाइल टॉवरपासून लांब राहा. गच्चीवर किंवा कॉलनीत तपासू नका, बरंचसं वाय-फायही २.४ वर चालतं. उन्हाळ्यात सकाळीच उरका, बंद गाडीत ग्लायडर तापला की पंखांवरचं कव्हरिंग (प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) सैल पडतं.

घार_नागपूर:
धन्यवाद सर्वोमास्तर, ताई. एक टोक पोटाखालून काढतो आणि रविवारी सकाळी तपासतो. उमरेड रोडला विमान धरायला कोणी येईल का?