नॉइज कॅन्सलिंग हेडफोन: एकच मॉडेल सांगा, प्लीज (मदत हवी आहे)

मधुमालती
नमस्कार मंडळी. कान पूर्ण झाकणारा नॉइज कॅन्सलिंगवाला हेडफोन घ्यायचाय. गेले दहा दिवस रोज रात्री रिव्ह्यू बघतेय आणि रोज सकाळी आदल्या रात्रीपेक्षा जास्त गोंधळलेली असते. एक म्हणतो सोनी, दुसरा बोस, तिसरा सेनहायझर, चौथा म्हणतो थांबा, नवीन येतंय. गाण्यांचं मला फार काही नाही. शांतता हवी आहे. एकच नाव सांगा, लांबण नको. उद्या-परवा मागवायचाच आहे.

खटपट्या
सोनी डब्ल्यूएच-१०००एक्सएम४. डोळे झाकून. एक्सएम५ च्या नादाला लागू नका, त्याची घडीच होत नाही, नुसते कप आडवे फिरतात आणि डबा केवढा मोठा. कंपनीलाही ते उमगलं असावं, एक्सएम६ मध्ये घडी परत आणली. पण मला विचाराल तर एक्सएम४ च.

कानसेन
घडीचं काय घेऊन बसलात! फोन कुठला आहे ते आधी कळू द्या. अँड्रॉइड असेल तर एलडॅक मिळेल, म्हणजे ब्लूटूथवरून गाणं जास्त बारकाव्यांसकट पाठवायची पद्धत, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत. आयफोन असेल तर एलडॅक विसरा, एएसी या दुसऱ्या पद्धतीवर भागवा. हे न बघता हेडफोन घेणं म्हणजे नंबर न काढता चष्मा घेणं.

मधुमालती
गाण्यांचं काही नाही असं वर लिहिलंय हो.

कानसेन
आज नाही, उद्या ऐकाल. चांगला हेडफोन हातात आला की सगळेच ऐकायला लागतात.

निवांत
मॉडेल मागाहून. आधी हे सांगा: आवाज कसला आहे? पंखा, एसी, रस्त्यावरची वाहने, की माणसांचं बोलणं? दिवसातून किती तास घालणार? चष्मा आहे का? त्यावरून मीटिंगा करायच्यात का?

मधुमालती
आवाज कसला म्हणजे? आवाज तो आवाज. घरातला. नऊ ते सहा काम असतं. मीटिंगा तीन-चार होतातच. चष्म्याचा काय संबंध कळलं नाही. चष्मा आहे.

निवांत
संबंध आहे, सांगतो. पण आधी आवाजाचं.
या हेडफोनला बाहेरून आणि आतून बारीक माइक असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात आणि स्पीकर त्याच्या बरोब्बर उलटी लाट सोडतो. चढ तिथे उतार. दोघी एकमेकींना खातात. आवाज सलग आणि खर्जातला असला, म्हणजे विमानाची घरघर, एसी, पंखा, बसचं इंजिन, तर हे झकास जमतं. पट्टी वर चढत गेली की लाटा आखूड होतात, जरा मागेपुढे झालं की उलटी लाट भलतीकडेच पडते. साधारण १ किलोहर्ट्झच्या वर मशीन हळूहळू हात टेकतं आणि कानाभोवतीच्या कुशनला एकटीला लढावं लागतं. मधल्या पट्टीत दोघंही थोडे थोडे कमी पडतात.
आता माणसाचं बोलणं घ्या. आवाजातला जोर खाली असतो, पण शब्द कळतो तो स, श, च, ट, क यांच्यामुळे, आणि ही मंडळी सगळी वरच्या पट्टीत. म्हणजे हेडफोन घातल्यावर बोलणारा लांब गेल्यासारखा वाटतो, पण काय बोलतोय ते कळतच राहतं. म्हणून विचारलं. पंख्यासाठी वरच्यांपैकी कुठलाही घ्या, सुखी व्हाल. बोलण्यासाठी घेत असाल तर अपेक्षा बेतानं ठेवा.

खटपट्या
एवढं काही नसतं हो. मी घातला की बायको काय बोलते ते मला ऐकू येत नाही.

शंभरनंबरी
तो हेडफोनचा गुण नव्हे, खटपट्याराव. (हलके घ्या)

अष्टपैलू
अवांतर होतंय, पण राहवत नाही. ही कल्पना अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानातच सुचली. विमान कंपनीने दिलेल्या हेडफोनवर इंजिनाच्या आवाजात काही धड ऐकू येईना, तर बसल्या जागी त्यांनी कागदावर गणित मांडलं.

तळटीप
उलट्या लाटेने आवाज मारायची कल्पना त्यांची नव्हे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ मध्येच तिचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं.

अष्टपैलू
पेटंट कानाला लावून कोणी झोपलं होतं का? कागद ल्यूगचा, पण कानावर बसेल अशी वस्तू बोस यांनी आणली. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी हेडसेट आणि २००० मध्ये तुमच्या-आमच्यासाठी क्वाएटकम्फर्ट.

तळटीप
मी "कल्पना" या शब्दाबद्दल बोलत होतो.

मधुमालती
अहो, माझा धागा आहे हा. मॉडेल!

वायरवाला
ताई, माझं ऐकाल तर ही इलेक्ट्रॉनिक भानगडच नको. कारखान्यात, लाकूड कापताना घालतात ते इअरमफ घ्या. चार्जिंग नाही, अॅप नाही, अपडेट नाही. वरच्या पट्टीतला आवाज हे चांगला अडवतात, वर निवांत म्हणाले ना की तिथे मशीन हात टेकतं, नेमकं तिथेच. आत फोमचे बोळे घातलेत की विषय संपला.

निवांत
मुद्दा बरोबर, शेवट चुकला. मफ आणि बोळे यांच्या डेसिबलची बेरीज होत नाही. दोन्ही एकदम घातले तर चांगल्या एकट्या साधनावर पाचेक डेसिबलची भर पडते. पुढे आवाज हाडांतून आत येतोच. आणि त्या मफची पकड इतकी घट्ट असते की नऊ ते सहा घालणं म्हणजे शिक्षा.

वायरवाला
मी आठ तास घालतो.

शंभरनंबरी
त्यावर मीटिंग कशी करता?

वायरवाला
मी मीटिंगा करत नाही.

पोपटपंची
चष्म्याचं मी सांगते, मला महिनाभर कळलं नव्हतं. माझ्या हेडफोनचा नाद पहिल्या आठवड्यात उतरला, वाटलं खराब निघाला. एकदा पंखा जोरात होता आणि कानामागे खाजवायला म्हणून चष्म्याची काडी बोटाने जरा वर उचलली. कुशन कातडीला टेकली आणि पंखा गायब! बोट सोडलं, पंखा हजर. पाच-सहा वेळा उचल-सोड करून बघितली, लहान मुलाने दिव्याचं बटण खेळावं तशी. काडीमुळे कुशनखाली चिंचोळी फट राहते आणि खर्जाचा आवाज नेमका तिथूनच आत येतो. मी पातळ काडीची फ्रेम केली, बराच फरक पडला. जाड प्लॅस्टिकची काडी असेल तर मऊ आणि खोल कुशनचाच हेडफोन बघा. आणि वजन बघा हो. सोनी-बोसवाले अडीचशे ग्रॅमच्या आसपास असतात, एअरपॉड्स मॅक्स ३८५ च्या घरात. दुपारपर्यंत माझी मान बोलायला लागली होती.

मधुमालती
हे कामाचं आहे, धन्यवाद. माझी काडी जाडच आहे.

कानसेन
सेनहायझर मोमेंटम ४ सुचवतो. बॅटरी ६० तास. आवाज तर काय सांगू...

मधुमालती
बरं, आता सांगूनच टाकते, नाहीतर तुम्ही थांबणार नाही. आवाज टीव्हीचा आहे. सासरे दिवसभर बातम्या लावतात. आवाज ३८ वर. बातम्या देणारे ओरडतातच, त्यात एका वेळी सहा जण. मी शेजारच्या खोलीत बसते.

निवांत
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर वीस प्रतिसाद वाचले असते. मधलं दार लावता का?

मधुमालती
दार नाहीये. पडदा आहे.

निवांत
झालं! भिंत किंवा दार मध्ये असतं तर त्यांनी वरच्या पट्ट्या खाल्ल्या असत्या, तुमच्यापर्यंत नुसती गुरगुर आली असती आणि ती हेडफोनने आरामात मारली असती. पडदा काही खात नाही. सगळे स आणि श जसेच्या तसे तुमच्या कानात. जमत असेल तर आधी दार बसवा. नाहीतर हेडफोन घाला आणि त्यात पावसाचा किंवा धबधब्याचा आवाज अगदी हलका लावून ठेवा. उरलेले शब्द त्यात बुडतात. मोठा नका लावू, नाहीतर टीव्हीपेक्षा तोच कान खाईल.

शंभरनंबरी
मीटिंगांचं राहिलंच. नॉइज कॅन्सलिंग फक्त तुमच्या कानापुरतं असतं. समोरच्यांना बातम्या ऐकू जातीलच, त्यासाठी माइकची वेगळी सोय लागते. शिवाय ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की बहुतेक लॅपटॉपवर कानातला आवाजही एकदम जुन्या लँडलाइनसारखा होतो, कारण दोन्हीकडचं बोलणं त्याच अरुंद वाटेने जातं. सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा माइक निवडा.

वायरवाला
लॅपटॉपचा माइक अख्खी खोली उचलतो. पडद्याआडून बातम्या पहिल्यांदा त्यातच शिरतील. तोंडाजवळ दांडीवाला माइक हवा, वायरचा.

शंभरनंबरी
या वेळी वायरवाल्यांशी सहमत. कधी वाटलं नव्हतं असं लिहीन.

अर्धाकान
मी हेडफोनबद्दल बोलणारच नाहीये. आवाज ३८ वर का आहे, हे कोणी विचारलंच नाही. वय वाढलं की आधी वरच्या पट्ट्या जातात. आवाज ऐकू येतो, शब्द फुटत नाहीत. मग माणूस आवाज वाढवतो, वाढवतो, आणि तरी म्हणतो...

मधुमालती
"मला कमी ऐकू येत नाही, हेच लोक पुटपुटतात."

अर्धाकान
हेच. अगदी हेच वाक्य. माझं पाच वर्षं हेच चाललं होतं, आता दोन्ही कानांत मशीन आहे. सासऱ्यांना कानाच्या तपासणीला न्या. कुठल्या पट्टीत किती कमी ऐकू येतं याचा आलेख काढून देतात, दुखत-खुपत नाही. तोवर त्यांच्यासाठी टीव्हीचा वायरलेस हेडफोन बघा. साधा ब्लूटूथवाला जोडला तर काही टीव्हींचा स्पीकर बंद होतो आणि ओठ आधी, आवाज मागून असं होतं. त्यापेक्षा टीव्हीसाठीच बनवलेले, खाली बैठक असलेले रेडिओ लहरींवरचे मिळतात, त्यात आवाज मागे पडत नाही. हेडफोन या घरात लागणारच असेल तर तो तुमच्या नव्हे, त्यांच्या डोक्यावर.

खटपट्या
म्हणजे जे शब्द सूनबाईंना नको आहेत तेच सासरेबुवांना मिळत नाहीयेत. मधल्यामधे देवघेव करता आली असती तर!

मधुमालती
ते हेडफोन घालणार नाहीत. विचारलं, म्हणाले "मी काय विमान चालवतो?" तपासणीचं नाव काढलं की विषय बदलतात.

अर्धाकान
मीही बदलायचो. "तुम्हाला कमी ऐकू येतं" असं म्हणू नका. "डॉक्टरकडे मळ काढून घेऊ" म्हणा. मळ असला तर निघेल, नसला तर डॉक्टर पुढचं बघतील. आणि आजच्या आज टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा मोड असेल तर तो लावा, बेस कमी करा.

पोपटपंची
हे मळवालं वहीत लिहून ठेवतेय.

मधुमालती
सहा दिवसांनी आले. नणंदेचा हेडफोन दोन दिवस मागून आणला, मॉडेल सांगत नाही, नाहीतर परत मारामाऱ्या होतील. बटण दाबलं, पंखा गेला, फ्रिज गेला, मिक्सर नुसता कुजबुजल्यासारखा. आणि बातम्या? आधीपेक्षा स्पष्ट! पंख्याच्या घरघरीत निदान थोड्या बुडायच्या, आता मागचं सगळं पुसलं आणि ते सहा जण तेवढे उरले. निवांत, तुमची आठवण आली, चांगल्या अर्थाने नव्हे. पण हलका पाऊस लावला तेव्हा खरंच निभावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक तास असा गेला की टीव्ही चालू आहे हे विसरले होते.
टीव्हीत स्पष्ट संवादाचा मोड सापडला. लावला, बाबांना काही बोलले नाही. संध्याकाळी पाहिलं तर आवाज त्यांनी स्वतःच २९ वर आणलेला. मळ काढायला गुरुवारी जायचं ठरलंय. पडद्याच्या जागी दार बसवायचं नवऱ्याने कबूल केलंय, कधी ते नाही. हेडफोन घेणारच आहे, पण मऊ कुशनचा आणि हलका, आणि बोलायला वेगळा वायरचा माइक.

वायरवाला
वायरचा.

कानसेन
तरी फोन कुठला ते सांगितलंच नाही तुम्ही.

रिकामटेकडा
याच धाग्यावर विचारतो. माझ्या हेडफोनच्या डाव्या कुशनचं रेक्झिन सोलून कानाला काळे तुकडे चिकटतात. कुशन बदलता येतं का, की नवीनच घेऊ? लवकर सांगा.

निवांत
बहुतेकांचं बदलता येतं. मॉडेल कुठलं?

रिकामटेकडा
काळा आहे.