रिकॉल निघालेली गाडी: भाव पाडून मागायची का?

चाकोरीबाहेर, पुणे (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात सहा वर्षांची हॅचबॅक विकायला काढली. पहिला मालक, ४८ हजार किलोमीटर, सगळी सर्व्हिस एकाच ठिकाणी. सिंहगड रोडहून एक गृहस्थ बघायला आले. माणूस पक्का. टायरच्या खोबणीत नाणं खुपसून पाहिलं, डिकीतली स्टेपनी उचलून खालचा पत्रा गंजलाय का ते चाचपलं. सगळं पसंत पडलं. मग मोबाइल काढून म्हणाले, "या मॉडेलचा फ्युएल पंपाचा रिकॉल निघाला होता. चाळीस हजार कमी करा." (रिकॉल म्हणजे सदोष भाग तपासून फुकट बदलून द्यायला कंपनीने गाड्या वर्कशॉपमध्ये बोलावणं.)

मी फाईलमधून वर्कशॉपचं जॉब कार्ड काढून दिलं. पंप बदलल्याची नोंद, तारीख, शिक्का, पुढे रक्कम शून्य. त्यांनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे गाडीत प्रॉब्लेम होता हे तुम्हीच कबूल करताय."

सौदा फिसकटला. (कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, धाग्याला फाटे फुटतील.)

मला वाटतं निम्मा घोळ आपल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांचा आहे. 'कंपनीने सव्वा लाख गाड्या परत मागवल्या' असं छापून आलं की वाटतं, गाड्या ट्रकवर चढवून कारखान्यात नेल्या. आमच्या सासऱ्यांनी तर एकदा विचारलं होतं, पैसे चेकने देणार की खात्यात? प्रत्यक्षात काय होतं? जुलै २०२०मध्ये मारुतीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्यांचा फ्युएल पंप तपासायला घेतला. त्यात एक लिटरच्या वॅगनआर १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ या काळात बनलेल्या, तेवढ्याच. पुढच्या दिवशी बनलेल्या गाडीचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय तपासायला घेतलेल्या सगळ्याच खराब असतात असंही नाही. 'मॉडेलचा रिकॉल' ही भाषाच चुकीची आहे, रिकॉल बॅचचा असतो.

माझं मत: बाकी राहिलेला रिकॉल हा दोष, झालेला रिकॉल म्हणजे फुकटात बसलेला नवा पार्ट. त्याचे पैसे कापणं हा अडाणीपणा आहे. बोला.

शेडवाला, सांगली

जुन्या गाड्यांच्या धंद्यात १८ वर्षं काढली, म्हणून लिहितो. गिऱ्हाईक काय विचारतं? किती पळाली, कितवा मालक, ठोकलेली आहे का, पासिंग कुठलं, विमा कधी संपतो. झालं. रिकॉलचं आजवर दोघांनी विचारलं, आणि दोघेही आयटीवाले होते.

त्याच बॅचची वॅगनआर माझ्या शेडमध्ये आठवडाभर टिकत नाही. भाव ठरतो मागणीवर, पार्ट स्वस्त मिळतात का त्यावर, आणि गावातल्या फिटरला ती गाडी उघडता येते का त्यावर. तुमचे सिंहगड रोडवाले रिकॉलला घाबरले नव्हते, त्यांना घासाघीस करायला मुद्दा हवा होता. रिकॉल नसता तर मागच्या बंपरवरचा ओरखडा काढला असता.

आणि खरं सांगू? विकताना तो विषयच काढू नये. फाईल दाखवून तुम्हीच त्याच्या हातात कोलीत दिलंत.

चाकोरीबाहेर

@शेडवाला, विषय त्यांनीच काढला होता हो. मी फक्त कागद दाखवला.

रेवती_ठाणे

दोघांचंही पटलं नाही. 'फुकटात नवा पार्ट' म्हणे!

माझ्या गाडीचा रिकॉल ब्रेकचा होता. मेसेज आला, अपॉइंटमेंट घेतली, अर्धी रजा टाकून गेले तर पार्ट आलेला नाही. पुन्हा तीन आठवड्यांनी गेले, तेच. असे चार महिने. घरी दीड वर्षाचं मूल, त्याला मागच्या सीटवर बसवून घोडबंदरच्या उतारावर ती गाडी चालवायची का, हा प्रश्न रोज सकाळी. ओला-उबर आणि रिक्षाला गेलेले पैसे कुणी दिले नाहीत. हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर कापला जात होता.

त्याच काळात नवऱ्याची बदली ठरली आणि गाडी विकावी लागली. ऑनलाइन खरेदी करणाऱ्याने तपासणीला माणूस पाठवला, त्याने नंबर टाकला, 'रिकॉल बाकी' आलं आणि आधी दिलेल्या आकड्यातून ५५ हजार उडाले. तेव्हा @शेडवाला, 'कुणी विचारत नाही' हा जमाना तुमच्या शेडमध्ये असेल. आणि @चाकोरीबाहेर, बाकी राहिलेला रिकॉल हा दोष, मान्य. पण तो बाकी ठेवला कुणी? मी नाही. भुर्दंड मात्र मला.

कलमबहाद्दर

कायद्याचं थोडं. २०१२पर्यंत आपल्याकडे रिकॉलची चौकटच नव्हती. त्या वर्षी वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने स्वेच्छेने पाळायची संहिता आणली. खरा बदल २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने केला. त्यातलं कलम ११०-अ सरकारला रिकॉलचा आदेश द्यायचा अधिकार देतं, आणि १ एप्रिल २०२१पासून नियमही लागू आहेत. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत.

त्यात दोन मेखा आहेत. एक, कंपनीने दोष स्वतःहून कळवून रिकॉल सुरू केला तर दंड नाही. म्हणून हल्ली पटापट 'स्वेच्छेने' जाहीर होतात. ही वाईट गोष्ट नाही. पण 'बघा किती जबाबदार कंपनी' म्हणून टाळ्या वाजवायचीही गरज नाही. दुसरी, सक्तीचा रिकॉल सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. आता सांगा, साडेतीन लाखांचं बजेट घेऊन पहिली गाडी शोधणारा माणूस किती वर्षांची गाडी घेतो? ज्याला संरक्षण सगळ्यात जास्त हवं, तोच रेषेच्या पलीकडे.

रेवतीताईंना मिळायला हवी होती ती नुकसानभरपाई. पार्ट यायला लागलेल्या महिन्यांचा हिशेब त्या नियमांतून मिळत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाची पायरी चढावी लागते.

शेडवाला

रेवतीताई, तुमचा त्रास खरा, त्यावर वाद नाही. पण ते ५५ हजार रिकॉलचे नव्हेत, घाईचे आहेत. बदलीचा माणूस ओळखू येतो हो. रिकॉल नसता तरी ऑनलाइनवाल्याने तीस तरी काढलेच असते. तो आधी मोठा आकडा दाखवून बोलावतो आणि अंगणात येऊन उतरवतो, ती त्याची पद्धतच आहे.

रेवती_ठाणे

मग पंचवीस रिकॉलचे की! तुम्हीच हिशेब करून दिलात, आभारी आहे.

ह्यूस्टनकर

इथला अनुभव सांगतो, फक्त 'अमेरिकेत कसं छान' असं समजू नका.

इथे रिकॉल बाकी असलेली नवी गाडी डीलरला विकता येत नाही. जुनी मात्र विकता येते! मी जुनी मिनीव्हॅन घेतली तेव्हा वीस कागदांच्या गठ्ठ्यात एका पानावर बारीक अक्षरात 'या गाडीवर बाकी रिकॉल असू शकतो, तपासून घ्या' असं होतं आणि खाली सहीची रेघ. केली सही. मुलं शोरूममधल्या फुकटच्या पॉपकॉर्नवर तुटून पडली होती, कोण वाचत बसतो. घरी येऊन सरकारी साइटवर गाडीचा सतरा अक्षरी चेसिस क्रमांक टाकला, तर सरकत्या दाराचा एक बाकी निघाला. ही सोय २०१४पासून आहे, पण डोकं आपणच चालवायचं.

भावाचं म्हणाल तर २०१० आठवतं. टोयोटाचा अॅक्सिलरेटर अडकून राहण्याचं प्रकरण पेटलं, जानेवारीत कंपनीने आठ मॉडेलांची विक्रीच थांबवली. जुन्या गाड्यांचे भाव सांगणाऱ्या केली ब्लू बुकने त्यांच्या किमती उतरवल्या, त्या जेमतेम काही टक्के. आणि आज इथे जुनी कॅमरी किंवा कोरोला शोधून बघा, विकणारा पैशाने हलत नाही. नाव टिकाऊ असेल तर बाजार रिकॉल विसरतो.

पण बाजार विसरला म्हणून धोका संपत नाही. ताकाता कंपनीच्या एअरबॅगांचं प्रकरण घ्या. आत बॅग फुगवायला अमोनियम नायट्रेट हे रसायन, वर्षानुवर्षं उष्ण दमट हवेत ते बिघडतं, मग किरकोळ धडकेतही एवढ्या जोराने पेटतं की धातूचं कवच फुटून तुकडे अंगात घुसतात. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगांचे रिकॉल, दोन डझनांहून जास्त बळी. कंपनी २०१७मध्ये दिवाळखोरीत गेली. आमचं टेक्सास, फ्लोरिडा, हवाई हे दमट हवेचे भाग म्हणून पार्ट आधी इकडे पाठवले. तरी कितीतरी लोकांनी बदलून घेतल्याच नाहीत, कारण गाडी चौथ्या-पाचव्या मालकाकडे आणि पत्रं पहिल्याच्या पत्त्यावर.

पाना_बारा, चिपळूण

शेवटचं वाक्य कुणीतरी लिहिलं, बरं झालं. उष्ण दमट म्हणजे आमचीच हवा की. होंडानेही त्या एअरबॅगा भारतात जुन्या सिटी, जॅझमध्ये टप्प्याटप्प्याने फुकट बदलून दिल्या.

माझं गॅरेज आहे. वॉरंटी संपली की गाड्या कंपनीचं वर्कशॉप सोडून आमच्याकडे येतात. ऑइल, क्लच, ब्रेक सगळं करतो. पण एअरबॅगची पिवळी वायरिंग दिसली की हात मागे. मला रिकॉलची कसलीही नोटीस येत नाही. मालकाला येते, ती पहिल्या मालकाला. त्याने मोबाइल नंबर बदललेला. मग दुसरा मालक पनवेलचा, तिसरा खेडचा, चौथा माझ्यासमोर उभा, आणि विचारतो, "एअरबॅगचा दिवा लागतोय, बल्ब काढून टाकता का?"

नाव ट्रान्सफर करताना फॉर्म २९, ३० वर चेसिस नंबरचा ठसा लागतो ना? बऱ्याच गाड्यांत पुढच्या डाव्या सीटखाली गालिच्याला कापलेली खाच असते. ती उचलायची, धूळ पुसायची, कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. ठसा एजंट घेतो, आरटीओत चिकटवतो आणि विषय संपला. तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकायला दोन मिनिटं लागत नाहीत. मारुतीला तर सुरुवातीच्या 'एमए३' नंतरची चौदा अक्षरं टाकली की झालं. एवढा गुडघ्यावर बसून घासलेला नंबर, तो कुणीच टाकत नाही!

धुळवड

हे सगळं ऐकल्यावर मी तर रिकॉल निघालेलं मॉडेलच घेणार नाही. बाजारात दुसऱ्या गाड्या मेल्यात का?

चाकोरीबाहेर

@धुळवड, मग बैलगाडी घ्या. मारुती, ह्युंदाई, महिंद्रा, होंडा, टोयोटा, एकही सुटलेली नाही. ज्या मॉडेलचा रिकॉल कधीच निघाला नाही त्याच्यात दोष नव्हता असं थोडंच आहे? कदाचित कुणी शोधलाच नसेल.

@शेडवाला म्हणतात विषय काढू नये. नॅनो आठवा. २०१०मध्ये काही गाड्यांनी पेट घेतला. टाटांनी जादा सुरक्षा भाग फुकट बसवून देतो असं जाहीर केलं, पण हा रिकॉल नाही असंही ठासून सांगितलं. शब्द टाळला, काम तेच. काय उपयोग झाला? लोकांच्या डोक्यात जळती नॅनो राहिली ती राहिलीच. बाजार घाबरतो तो आगीला आणि लपवालपवीला.

शेडवाला

नॅनोचं दुखणं आगीपेक्षा 'सगळ्यात स्वस्त' या बिरुदाचं होतं. आपल्याकडे दारात स्वस्त गाडी उभी करायला कुणाला आवडतं? पण असो.

भाव खरंच कोसळतो तो कधी, ते मी सांगतो. कंपनी गाशा गुंडाळते तेव्हा. जनरल मोटर्सने २०१३मध्ये १ लाख १४ हजार तवेरांचा रिकॉल काढला, तोही उत्सर्जन चाचणीतल्या लबाडीचा. वडापवाले (शेअर प्रवासी गाड्या चालवणारे) तरी तवेरा घेतच होते. २०१७ संपता संपता कंपनीने इथली विक्री बंद केली, तेव्हा माझ्या दोन गाड्या दीड वर्ष शेडमध्ये धूळ खात पडल्या. रिकॉलने जे झालं नाही ते एका बातमीने झालं.

कलमबहाद्दर

म्हणजे तुम्ही धागाकर्त्याच्याच बाजूचे निघालात. दुरुस्त करणारा कुणी आहे का, यावर भाव. रिकॉल बाकी आणि करणारा कुणी नाही, हा सगळ्यात वाईट प्रकार.

माझी एकच मागणी. एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकारपत्र लागतं, गाडी ताब्यात घेतल्याचं पोर्टलवर कळवावं लागतं. तिथेच रिकॉलचा रकाना घाला. चेसिस नंबर सरकारकडे आहे, यादी कंपनीकडे आहे. दोघांची गाठ घालायला कुठला मुहूर्त हवाय?

रेवती_ठाणे

रकाना घाला, पण त्यात पार्ट कधी येणार तेही लिहायला लावा. नाहीतर नुसता 'बाकी'चा शिक्का विकणाऱ्याच्या कपाळी, आणि कंपनी मोकळी.

चाकोरीबाहेर

हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. मान्य. पार्ट उपलब्ध नसताना 'बाकी'चा दोष मालकावर टाकणं चूक. माझा पंप दीड तासात बदलून मिळाला, म्हणून मी एवढा हवेत होतो.

शेडवाला

पाना_बारांचं वाचून दुपारी शेडमधल्या तीन गाड्यांचे नंबर टाकून पाहिले. पोरगा पेन्सिल घेऊन सीटखाली घुसला होता, बाहेर आला तो नाकाला शिसं लावून. दोन गाड्या कोऱ्या निघाल्या. तिसरीचा पंप बाकी आहे, आणि ती रविवारी मिरजेच्या एका मास्तरांना द्यायची आहे. बयाणा घेऊन बसलोय. सांगू, की आधी बदलून आणू?

पाना_बारा, चिपळूण

आजच फोन करून पार्ट आहे का विचारा. असेल तर आणा बदलून आणि जॉब कार्ड मास्तरांच्या हातात द्या. नसेल तर आजच सांगा.

शेडवाला

पार्ट आहे म्हणतात. शनिवारी अकराची वेळ दिलीय. भाव मात्र ठरला तोच राहणार, जॉब कार्डाचे वेगळे पैसे मास्तर देणार नाहीत, हे लिहून देतो.