ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात) हवेची रेघ ६० वर, हाडाची १५ वर. ही नस कमजोर आहे का?

माहीमचा_पूल
आई, वय ४६. उजवा कान ५००, १०००, २००० हर्ट्झला हवेतून ६०-६०-५५ डेसिबल (आकडा मोठा तितकं ऐकू कमी), हाडातून १०-१५-२५. डावा हवेतून ४०-४०-३५. मळ नाही, पडदा शाबूत, टिंपॅनोग्राम (पडद्याच्या हालचालीची चाचणी) 'ए', म्हणजे नॉर्मल. कानाच्या मशीनच्या दुकानात म्हणाले, नस कमजोर आहे, मशीनच घ्या. घरी तीनदा हाक मारावी लागते, पण विरार लोकलच्या कलकलाटात तिला आमच्याइतकंच ऐकू येतं! हे कसं?

कर्णपिशाच्च
नस कमजोर असती तर दोन्ही रेघा जोडीने खाली गेल्या असत्या. हवेचा आवाज नलिका, पडदा, हातोडी-ऐरण-रिकीब ही तीन हाडं अशी वाट चालून कर्णावर्तात, म्हणजे आतल्या कानात पोचतो. हाडाचा कंपक कानामागे टेकवला की ती वाट टळते. हाडाने चांगलं आणि हवेने वाईट, म्हणजे बिघाड वाटेत.

पण थांबा, मास्किंग, म्हणजे चाचणीत दुसरा कान आवाजाने झाकणं, केलंय का ते आधी बघा. हाडाचं कंपन कवटीतून जवळजवळ शून्य घट होऊन पलीकडे जातं, त्यामुळे विरुद्ध कानात सरसर आवाज सोडला नसेल तर उजव्याचे म्हणून छापलेले आकडे डाव्याचेही असू शकतात. उजव्याचं हाडाचं चिन्ह टोकदार कंस असेल तर मास्किंग नाही, चौकोनी असेल तर आहे.

शेवग्याची_शेंग
लसूण घालून कोमट केलेलं तेल दोन थेंब सोडा, मोकळा होईल कान.

कर्णपिशाच्च
नको. नलिका जेमतेम अडीच सेंटिमीटर, तेल पडद्याशी थांबतं आणि इथला बिघाड पडद्याच्या आत आहे. वर पावसाळ्यात ओलसर नलिका म्हणजे बुरशीला आमंत्रण. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मध्यकर्णात.

रिकिबीत_पाय
लोकलचा मुद्दा सर्वांत बोलका आहे. गोंगाटात आपण सगळे नकळत ओरडून बोलतो. तिच्या कानाला गाडीचा खडखडाट दबून पोचतो आणि समोरच्याचा चढलेला आवाज मात्र पुरेसा होतो. नसेच्या दोषात उलटं होतं, गर्दीतच शब्द कळेनासे होतात.

शाबूत पडदा, 'ए' टिंपॅनोग्राम आणि हवा-हाडाच्या रेघांत एवढी फट म्हटल्यावर पहिला संशय ओटोस्क्लेरोसिसचा. रिकीब तीनेक मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. तिच्या तळव्याभोवती नवं हाड वाढतं आणि ती आतल्या कानाच्या खिडकीत रुतून बसते. पडद्याचं कंपन करणारं क्षेत्र त्या तळव्याच्या सुमारे १७ पट, म्हणून हवेतला दाब आतल्या कानातल्या द्रवात शिरण्याइतका वाढतो. रिकीब हललीच नाही तर हा सगळा फायदा गेला. २००० वर हाडाची रेघ २५ पर्यंत उतरली आहे ना, ती खाच या आजारात बऱ्याचदा दिसते. ती नसेची इजा नव्हे. ऑपरेशननंतर पुष्कळदा भरून निघते.

माहीमचा_पूल
चिन्ह टोकदारच आहे. आता?

कर्णपिशाच्च
मग चाचणी पुन्हा, मास्किंगसह, आणि सोबत स्टेपीडियल रिफ्लेक्स (मोठ्या आवाजाला रिकिबीचा स्नायू आपोआप आखडतो का ते). रिकीब अडकली असेल तर तो येत नाही. तोवर घरी एक करा: तोंड मिटून 'म्म्म्' असा हुंकार द्यायला सांगा आणि गुंजन कुठे जास्त वाटतं ते विचारा. जास्त बिघडलेल्या म्हणजे उजव्या कानात वाटलं तर दोष वाटेतला, डाव्यात वाटलं तर उजव्याच्या नसेवर शंका. हा फक्त अंदाज, निदान नव्हे.

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथे तपासणी होते. दुकानातली तपासणी विक्रीसाठी असते, हे लक्षात असू द्या.

रिकिबीत_पाय
निदान पक्कं झालं तर दोन वाटा. मशीन यात छान चालतं, कारण आतला कान धड आहे. फक्त आवाज वाढवायचा. दुसरी स्टेपिडॉटॉमी: तळव्याला पाऊण मिलिमीटरच्या आसपास भोक पाडून पिस्टन बसवतात. सहसा एकच कान आधी, जास्त वाईट असलेला. कारण शंभरातल्या एखाद्या कानाची श्रवणशक्ती कायमची जाते, हे सर्जनने आधी सांगायलाच हवं. नंतर काही दिवस चक्कर येऊ शकते, आणि नाक जोरात शिंकरणं, वजन उचलणं बंद.

आणि अचानक एका कानाचं ऐकूच येईनासं झालं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तो वेगळा आजार आहे, त्यात स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त.