मदत हवी आहे: मेथी घातलेला किन्वा गिच्च आणि कडू होतोय

सासऱ्यांची साखर वाढल्यापासून रात्रीचा भात बंद केलाय. रात्री पोळी त्यांना जड होते आणि भाकरी मला रोज जमत नाही (तव्यावर असते तोवर भाकरी, ताटात येईपर्यंत तुकडे, त्यासाठी वेगळा धागा काढेन). म्हणून किन्वा (भातासारखं शिजवायचं बारीक दाण्याचं धान्य) आणला. एकाच पदार्थात पालेभाजीही पोटात जावी एवढीच अपेक्षा. कांदा-लसूण चालतं, अंडं चालत नाही.

मी करते ते असं: एक वाटी किन्वा तांदळासारखा दोन पाण्यांतून काढते. कुकरमध्ये फोडणी, कांदा, टोमॅटो, अर्धी जुडी मेथी, वर किन्वा, अडीच वाट्या पाणी, दोन शिट्ट्या. झाकण उघडलं की आत गोळा. मेथी काळपट शेवाळी. आणि घशाशी रेंगाळणारा कडवटपणा. मेथीचा कडूपणा आम्हाला आवडतो, पण हा तो वाटत नाही, कारण पालक घातला तेव्हाही होता.

पाणी किती घालायचं? कुकर चालतो का? पालेभाजी कधी घालायची? आणि 'त्यापेक्षा वरी खा' असं कृपया कुणी सांगू नका, वरी घरात आहे.

कढीलिंब:
पालकातही कडू लागला, म्हणजे मेथी निर्दोष सुटली. किन्व्याच्या दाण्यावर सॅपोनिनचा थर असतो. रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यामुळे, त्यामुळे दोन पाणी पुरत नाहीत. दाणे तळहातांत चोळून, फेस यायचा थांबेपर्यंत धुवा. पाकिटावर 'धुतलेला' असं लिहिलं असलं तरी. साध्या चाळणीतून दाणे खाली पळतात, बारीक जाळीची गाळणी किंवा पातळ सुती फडकं घ्या. धुतल्यावर चार दाणे कच्चेच चावून बघा. कडू लागले तर परत नळाखाली.

कुकर मी तरी वापरत नाही. वाटीला पावणेदोन वाट्या पाणी, जाड बुडाचं पातेलं. निथळलेला किन्वा आधी थेंबभर तेलावर कोरडा होईपर्यंत परतायचा, मग उकळतं पाणी आणि मीठ. झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं. दाणा अर्धपारदर्शक झाला आणि कडेने पांढरी शेपटी सुटली की गॅस बंद. ती शेपटी म्हणजे त्याचा अंकुर, अळी नव्हे. आमच्याकडे पहिल्यांदा अख्खं पातेलं टाकायला निघाले होते. दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही, मग काट्याने मोकळा करायचा. ढवळायचा नाही.

अर्धाकप:
मेथी काळवंडते ती टोमॅटोमुळे. आंबटात शिजलं की पाल्याचं हिरवेपण जातं, आणि कुकरच्या बंद झाकणाखाली तर पाल्याचं स्वतःचं आम्लही आतच कोंडतं. भाजी वेगळ्या कढईत करा: तेल, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग मेथी. मोठी आच, झाकण नाही, तीन-चार मिनिटं. पाणी आटलं की शिजलेला किन्वा त्यात घालून वर-खाली करा. लिंबू ताटात पिळा. भिजवून वाफवलेली मूगडाळ मूठभर घातली तर सासऱ्यांना जेवल्यासारखं वाटेल.

चाकवत मिळाला तर तोही करून बघा. किन्वा आणि चाकवत जवळचे नातेवाईक, दोघंही चेनोपोडियम या वनस्पतीगटातले. पेरू-बोलिव्हियाकडे किन्व्याचा कोवळा पालाही भाजी म्हणून खातात. आपण पाला ठेवला आणि दाणा तिकडून मागवला!

निवांत_दुपार:
पाककृतीवर माझं काही म्हणणं नाही, पण साखरेसाठी करताय म्हणून सांगते. १०० ग्रॅम कच्च्या किन्व्यात साधारण ६४ ग्रॅम कर्बोदकं असतात, पांढऱ्या तांदळात ८०च्या आसपास. प्रथिनं मात्र दुप्पट, १४ ग्रॅमच्या आसपास, आणि तंतूही जास्त. म्हणजे भातापेक्षा बरा, पण ताटभर खायचा नाही. कच्चा अर्धी वाटी दोघांना आणि पालेभाजी तिच्या दुप्पट, असं आमच्या घरी ठरलंय. त्यांच्या डॉक्टरांना प्रमाण विचारून घ्या.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. आज पातेल्यात केला. धुताना फेस बघून हबकलेच. मोकळा झाला, कडवटपणा गेला, मेथी हिरवी राहिली. सासरे म्हणाले, "उपमा बरा झालाय." दुरुस्त करायला गेले नाही.

आता पुढचा प्रश्न: नवऱ्याला डब्यात द्यायचा तर रात्री करून ठेवला तर चालेल का? सकाळी मेथी निवडायला वेळ नसतो.

कढीलिंब:
किन्वा रात्री शिजवून ताटात पसरून गार करा आणि डब्यात भरून फ्रिजमध्ये टाका, उलट सकाळी जास्त मोकळा होतो. मेथी निवडून न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी धुऊन लसणाची फोडणी, पाच मिनिटांचं काम. लिंबाची फोड डब्यात वेगळी द्या.