मदत हवी आहे: फुगा लावलेल्या बाटलीचे वजन अभिक्रियेनंतर कमी का भरते?

इंदूरमध्ये मी घरी नववीच्या काही मुलांना विज्ञान शिकवतो. द्रव्य अक्षय्यतेचा नियम दाखवण्यासाठी बाटलीत 100 मिली व्हिनेगर घेतले आणि तोंडाला लावलेल्या फुग्यातून त्यात 5 ग्रॅम खाण्याचा सोडा सोडला. फुगा छान फुगला, मात्र तिन्ही वेळा वजन 1.4 ते 1.6 ग्रॅमने कमी भरले, आणि मुलांना हवा होता त्याच्या नेमका उलट पुरावा मिळाला! सियागंजातून आणलेला काटा 0.1 ग्रॅमपर्यंत वाचतो आणि 100 ग्रॅमच्या वजनाने तो तपासलेला आहे. जोडावर साबणाचे पाणी लावून पाहिले, बुडबुडे आले नाहीत. फुगा न लावता घट सुमारे 2.4 ग्रॅम येते.

माझा अंदाज असा की फुगलेला फुगा सुमारे दीड लिटर हवा बाजूला सारतो आणि, येथील उंची साधारण 550 मीटर असल्याने हवेची घनता लिटरमागे 1.1 ग्रॅम धरली, तर प्लावक बलामुळेच (बाजूला सारलेली हवा फुग्याला वर ढकलते त्या बलामुळे) दीड ग्रॅमच्या आसपास फरक पडावा. फुग्याऐवजी शीतपेयाची झाकणबंद प्लास्टिक बाटली वापरून हे पडताळायचे असेल, तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत मुलांसमोर जास्तीत जास्त किती सोडा सुरक्षितपणे घालता येईल?