दादाचा चहा बंद, आज तिसरा दिवस

वहिनी: ग्रुपवर लिहिणार नव्हते, पण आता लिहितेच. यांनी सोमवारपासून चहा-कॉफी दोन्ही बंद केलंय. एकदम. डोकं धरून बसतात, काही विचारलं की खेकसतात. काल लेक रडली.

दादा: खेकसलो नाही. आवाज जरा चढला.

वहिनी: बरं.

आत्या: हळूहळू सोड म्हणाले होते मी. साखरेच्या वेळीही तू हेच केलंस.

मामा: परवा आम्ही आलो तेव्हा चहा विचारला नाही, तो यामुळे होय?

ताई: दादा, दिवसाला किती कप व्हायचे? खरं सांग.

दादा: चार.

वहिनी: सात. ऑफिसातले धरून.

ताई: मग ठणकणारच. कॅफीन मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसून ठेवतं. ते थांबलं की त्या सैलावतात आणि डोकं धरतं. शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत सुरू होतं, पहिले एक-दोन दिवस सगळ्यात जड जातात, आणि 2 ते 9 दिवस त्रास राहू शकतो. चिडचिड, मरगळ त्यातलीच. वहिनी, मनाला लावून घेऊ नका.

वहिनी: सोळा वर्षं झाली ताई, कुठली चिडचिड कशातली ते कळतं मला.

आत्या: म्हणून म्हणते, हळूहळू सोडावा.

धाकटा: गोळी घे ना दादा.

ताई: थांब. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्येच कॅफीन असतं. पाकीट वाच आधी.

दादा: वाचलं. आहे. काल सकाळी दोन घेतल्या.

वहिनी: मला बोलला नाहीत!

मामा: परवा पाऊण तास बसलो होतो आम्ही.

वहिनी: मामा, चहा टाकते म्हटलं होतं मी. तुम्हीच उठलात. मामी होत्या ना समोर.

मामी: मला मध्ये घेऊ नका.

दादा: का सोडला ते कुणी विचारत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागा असायचो. काल साडेदहाला झोप लागली, स्वप्नसुद्धा पडलं. पण चार वाजले की हात आपोआप कपाकडे जातो. काल रिकामा कप धरून खिडकीत उभा होतो. पोरगी म्हणाली, बाबा, त्यात काहीच नाहीये. आणि मी तिच्यावर ओरडलो.

ताई: सहाचा कप रात्री अकराला निम्मा अंगात असतो रे. झोप कुठून येणार? सोडलास ते चांगलंच केलंस.

आत्या: हळूहळू पण.

ताई: आत्याचं खरं आहे, आठवड्याला एक-एक कप कमी केला असता तर एवढं झालं नसतं. आता सगळ्यात वाईट बहुतेक सरलं. अगदीच सहन होत नसेल तर सकाळी अर्धा कप घे. दुपारनंतर नको, आणि ती गोळी नको.

दादा: अर्धा घेतो. परत पोरीवर ओरडायचं नाही मला.

मामा: मग आम्ही आलो तर?

वहिनी: टाकीन मामा, पूर्ण कप. आज मात्र कुणी फोन करू नका. हे झोपलेत, लेक त्यांचा हात धरून शेजारीच.